टेपवर न आलेला होकार

पोलीस ठाणे बेल्मर फेरी, राज्य आयोवा

नाव: बिलमॉन लांग्रिन
वय: २२ वर्षे
धंदा: टायरच्या दुकानात नोकरी
शिक्षण: कॉलेज, अर्धवट
राहणार: थर्ड स्ट्रीट, लाँड्रीच्या वरचा मजला, बेल्मर फेरी. मूळ राहणार माजुरो, मार्शल बेटे.

मी आज रोजी स्वतःहून पोलीस ठाण्यात आलो असून सार्जंट रूथ ओडेगार्ड यांनी समक्ष विचारल्यावरून सांगतो की,

मी वरील पत्त्यावर आई व दोन धाकट्या बहिणींसह राहतो. अकरा वर्षांचा असताना या गावी आलो, तेव्हापासून येथेच आहे. आमचे बहुतेक लोक टर्की कोंबड्यांच्या कारखान्यात मांस कापायच्या सरकत्या पट्ट्यावर कामाला आहेत. मी नाही. मी कॉलेजात होतो, ते मध्येच सोडले. का सोडले असे विचारले असता सांगतो की, त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही. तेर्लिना बोलकेम हिने त्याच सुमारास कॉलेज सोडून दवाखान्यात दुभाष्याची नोकरी धरली, हा योगायोग आहे.

हा जबाब देण्याचे कारण असे. गेल्या गुरुवारी शहराच्या मानवी संबंध आयोगापुढे कानामे लावकॉन यांची तक्रार होती. तक्रार या ठाण्याचे ऑफिसर वेस डिटमर यांच्याविरुद्ध आहे. 'तक्रारदाराने उत्तर दिले नाही' असा शेरा मारून आयोगाने ती त्या दिवशी बंद केली. आयोगाच्या वकिलांचे म्हणणे असे की, तक्रारदाराने उत्तर दिले होते हे पाहणाऱ्यांनी पोलिसांपुढे शपथेवर सांगितले तरच ती पुन्हा उघडता येईल. ती उघडली नाही तर कानामे लावकॉन यांच्यावरचा, पोलिसांच्या कामात अडथळा आणल्याचा खटला सोमवारी कोर्टात उभा राहील. खटला उभा राहिला की कारखाना त्यांना पाळीच्या कामगारांची ने-आण करणारी व्हॅन चालवू देणार नाही. पट्ट्यावर त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे गेल्यापासून त्यांना करता येण्यासारखे तेवढेच काम आहे, आणि त्यांच्या बायकोचे डायलिसिस त्याच नोकरीच्या विम्यावर चालते. म्हणून मी आलो आहे. बैठकीत दिवा मोडला त्याबद्दलही सांगावे असे सार्जंटनी सांगितले. तेही सांगतो.

कानामे लावकॉन माझे नात्याने कोणी नाहीत. आमच्यात आजोबांना जिम्मा म्हणतात आणि गावातली सगळी पोरे त्यांना जिम्मा म्हणतात. यापुढे मी तसेच म्हणेन.

आधी व्हॅनची हकीकत सांगण्यास सांगितले, ती अशी. ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी दुपारी आम्ही चर्चच्या व्हॅनमधून नाताळच्या नाचगाण्याच्या सरावाला निघालो होतो. व्हॅन जिम्मा चालवत होते. आत चार बायका, तेर्लिना आणि मी. तेर्लिनाच्या मांडीवर नारळाच्या किसात घोळवलेल्या भाताच्या गोळ्यांचा ट्रे होता. तिने पिवळा — सार्जंटनी सांगितले की कपडे लिहायची गरज नाही. तर मी तिच्या मागच्या बाकावर होतो. मला नाचता येत नाही हे सर्वांना माहीत आहे. मग सरावाला का जात होतास असे विचारले असता सांगतो की, गटात पुरुष कमी आहेत. हे खरे आहे.

धान्याच्या कोठारापाशी मागून पोलिसांच्या गाडीचा दिवा लागला. आमच्या व्हॅनचा मागचा डावा दिवा बंद होता. हे आम्हाला माहीत नव्हते. नंतर तो मी स्वतः बसवून दिला. जिम्मांना याआधी कधी पोलिसांनी थांबवले नव्हते, कारण ते इतके हळू चालवतात की मागच्या गाड्या हॉर्न मारतात. त्यांनी व्हॅन बाजूला घेतली, टोपी काढून पुढे काचेपाशी ठेवली, आणि खाली उतरले.

का उतरले असे विचारले. या देशात पोलिसाने थांबवले की गाडीतच बसायचे, हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवायचे, हे आम्हा पोरांना शाळेत सांगितले होते. जिम्मा इथल्या शाळेत गेले नाहीत. आमच्याकडे मान द्यायचा तो माणूस उभा असताना आपण बसून राहिलो तर तो त्याचा अपमान असतो. त्याच्यासमोरून जायचे तर कंबरेत वाकून, आपले डोके त्याच्यापेक्षा खाली ठेवून जायचे. जिम्मा चर्चमध्ये असेच चालतात, कारखान्याच्या ऑफिसातही असेच चालतात. ऑफिसर डिटमर पंचविशीचे आहेत आणि जिम्मा एकसष्टचे, पण अंगावर गणवेश असला की जिम्मा वय बघत नाहीत.

ऑफिसर डिटमर ओरडले की गाडीत बस. जिम्मांना वाटले आपण पुरेसे वाकलो नाही म्हणून साहेब रागावले. ते आणखी वाकले. ऑफिसर पुन्हा ओरडले. ते आणखी वाकले, आणि त्यांचे हात गुडघ्यांपाशी गेले. हात दिसेनात म्हणून ऑफिसरनी विजेचा झटका देणारे पिस्तूल काढले. मग त्यांनी विचारले, मी काय म्हणतोय ते समजतंय का. जिम्मांनी भुवया वर केल्या.

आमच्यात भुवया वर करणे म्हणजे हो. तोंडाने बोलायची गरज नसते, आणि मोठ्या माणसापुढे तर न बोललेलेच बरे. ऑफिसरनी पुन्हा पुन्हा विचारले आणि जिम्मांनी पुन्हा पुन्हा हो म्हटले. ऑफिसरच्या अहवालात असे लिहिले आहे की, सदर इसम उत्तर देत नव्हता व तोंडे वेडावून दाखवत होता. मग जिम्मांना खडीवर पालथे पाडले आणि बेड्या घातल्या. ज्या हाताला तीनच बोटे आहेत त्या हातातून बेडी निसटत होती, म्हणून ती जास्त आवळली.

मी व्हॅनचे दार उघडले होते. तेर्लिनाने वळून माझा शर्ट धरला. ती मोठ्याने बोलली नाही. ती म्हणाली, "तू उतरलास तर ते तुला मारतील, आणि मग जिम्मांकडे कोणी बघणार नाही. बस खाली." मी बसलो. ट्रे तिच्या मांडीवरून पडला होता. बायकांनी मागाहून भात गोळा केला, पण तो कोणी खाल्ला नाही. त्या दिवशी सराव झाला नाही. तो शर्ट पुरावा म्हणून आणायचा का असे मी विचारले असता सार्जंट नको म्हणाल्या.

आमच्या पाद्रीबाबांनी जिम्मांच्या वतीने आयोगाकडे तक्रार केली. आयोगात पाच माणसे आहेत. त्यांना पगार नाही. त्यांना कोणाला शिक्षा करता येत नाही, पण दोन्ही बाजूंना एका टेबलाशी बसवता येते, आणि असे बसणे झाले तर खटला मागे घेऊ असे पोलीसप्रमुखांनी कबूल केले होते. मला हे पटलेले नव्हते. मला ऑफिसर डिटमर यांचा गणवेश उतरलेला पाहायचा होता. हे मी सर्वांना सांगत होतो, दुकानातल्या गिऱ्हाइकांनाही. जिम्मांना सांगितले तेव्हा ते म्हणाले की, मला त्या पोराचा गणवेश नको, मला बसणार नाही, मला माझी व्हॅन हवी.

त्यानंतरच्या दिवसांत मी तेर्लिनाला ऑफिसर डिटमर यांच्याबरोबर नदीकाठच्या हॉटेलात बसलेले दोनदा पाहिले. मध्ये लॅपटॉप होता. आणि केक होता. मी मुद्दाम पाहायला गेलो नव्हतो, रस्त्याने जाताना खिडकीतून दिसले. तो रस्ता माझ्या दुकानाकडे जात नाही हे सार्जंटनी लक्षात आणून दिले. ते बरोबर आहे.

सरावाला मी तिला म्हणालो, "पोलिसांचा केक गोड लागतो वाटतं?"

ती म्हणाली, "सफरचंदाचा होता. तुला डबा भरून आणू?"

त्यानंतर मी तिच्याशी बोलणे बंद केले. तिचा फोन आला, मी उचलला नाही. ती तिथे काय करत होती हे मी विचारायला हवे होते की नव्हते, हा माझा प्रश्न आहे. आयोगाशी त्याचा काय संबंध असे सार्जंटनी विचारले. संबंध आहे, तो पुढे येईल.

गुरुवारी संध्याकाळी बैठक वाचनालयाच्या तळघरातल्या खोलीत होती. खुर्च्या गोलाकार मांडल्या होत्या. आमच्या बायकांनी कोंबडी आणि भात आणला होता, आयोगाने सँडविच ठेवली होती, आणि जो तो आपापलेच खात होता. अध्यक्षा श्रीमती लोरेन हॅलोरन आहेत, पूर्वी दवाखान्यात नर्स होत्या. एका बाजूला जिम्मा, त्यांच्या शेजारी पाद्रीबाबा. पाद्रीबाबांना ताप होता आणि ते बराच वेळ डोळे मिटून बसले होते. समोर ऑफिसर डिटमर, साध्या कपड्यांत, आणि त्यांच्या शेजारी पोलिसांच्या युनियनचे एक गृहस्थ. तेर्लिना आणि मी मागच्या रांगेत होतो, मध्ये दोन खुर्च्या रिकाम्या सोडून.

तेर्लिना आयोगाची नेहमीची दुभाषी आहे. पण ती त्या दिवशी व्हॅनमध्ये होती, म्हणजे साक्षीदार आहे, म्हणून तिने दुभाष्याचे काम करू नये व साक्षीदारांनी मध्ये बोलू नये असे वकिलांनी सांगितले. तिच्याऐवजी टेबलावर फोन ठेवला होता. फोनवरची बाई दुसऱ्या राज्यात बसली होती. ती आमच्याच बेटांवरची, बोलणे स्वच्छ, आवाज गोड. तिची काही चूक नाही. तिला फक्त ऐकू येत होते, दिसत नव्हते.

बैठकीच्या टेपवर काय आहे ते मला सार्जंटनी ऐकवले. श्रीमती हॅलोरन विचारतात की, लावकॉन साहेब, तुम्हाला ही तक्रार पुढे न्यायची आहे का, ऑफिसर डिटमर यांच्याबरोबर बसायची तुमची तयारी आहे का. फोनवरची बाई तेच आमच्या भाषेत विचारते. नंतर हीटरच्या पंख्याचा आवाज आहे. हे असे तीन वेळा आहे. टेपवर एवढेच आहे.

टेपवर जे नाही ते मी सांगतो. मी शपथेवर सांगतो. जिम्मा फुलाफुलांचा रविवारचा शर्ट घालून ताठ बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर टेबलावर, कारण अध्यक्षाबाईंच्या डोळ्यांत बघणे त्यांना शोभत नाही. पहिल्यांदा विचारले तेव्हा त्यांनी भुवया वर केल्या. दुसऱ्यांदा विचारले तेव्हा जरा जास्त वर केल्या. तिसऱ्यांदा त्यांनी फोनच्या अगदी जवळ तोंड नेले, म्हणजे त्या बाईला नीट कळावे, आणि भुवया इतक्या वर नेल्या की कपाळावर आठ्या पडल्या. त्यांच्या मनात कसलाही संशय नव्हता. आपण तीनदा हो म्हटले, आता पुढचे बोलणे सुरू होईल, अशा तयारीने ते मागे टेकून बसले.

श्रीमती हॅलोरन यांनी चौथ्यांदा विचारले नाही. त्यांना वाईट वाटत होते हे त्यांच्या तोंडावर दिसत होते, ते मी नाकारत नाही. त्या म्हणाल्या की, आम्ही कोणावर जबरदस्ती करू शकत नाही. मग त्यांनी लाकडी हातोडी टेबलावर हळूच वाजवली आणि तक्रार बंद झाली असे सांगितले.

येथे मला विचारण्यात आले की, त्यांनी हो म्हटले आहे एवढे एक वाक्य तू त्याच वेळी का बोलला नाहीस. याचे उत्तर मी घरी बसून शोधले. मला वाटले, त्यांनी पाहिले आहे. त्या जिम्मांच्या तोंडाकडे सरळ बघत होत्या. माझ्या डोळ्यांना जे दिसते ते दुसऱ्याला दिसत नसेल असे माझ्या मनातच आले नाही. मी स्वतः शाळेत तोंडाने हो म्हणायला शिकलो, बाई छडीने नाही पण 'ऐकू आलं नाही' असे म्हणून म्हणून शिकवायच्या, तरीही हे मनात आले नाही. मला वाटले त्यांनी होकार पाहिला आणि मुद्दाम नाकारला. म्हणून मी उठलो.

मी पुढे गेलो आणि म्हणालो की, तुम्हाला आमच्याकडून काही ऐकायचंच नाहीये. माणसाच्या तोंडाकडे बघून खोटं लिहिता. तुमचा आयोग म्हणजे सँडविच खायची जागा आहे. श्रीमती हॅलोरन म्हणाल्या की, लोकांना बोलायची वेळ शेवटी आहे, तेव्हा तुलाही तीन मिनिटे मिळतील. पण बोलता बोलता त्यांचा हात सवयीने टेबलावरच्या, बोलणाऱ्याची वेळ दाखवणाऱ्या तीन रंगांच्या दिव्यावर गेला आणि हिरवा लागला. मी बोलत राहिलो. मी पोलिसांबद्दल बोललो, कारखान्याबद्दल बोललो, माझ्या कॉलेजातल्या एका मास्तरबद्दल बोललो, त्याचा तिथे काही संबंध नव्हता. पिवळा लागला. मग लाल लागला. मी दिवा उचलला आणि खाली ठेवला. ठेवला की आपटला असे विचारले असता, आपटला.

वाचनालयाचा रखवालदार दाराशी उठून उभा राहिला. त्याच वेळी समोरून ऑफिसर डिटमर उठले. मला वाटले माझ्याकडेच येत आहेत. मी मुठी वळल्या. मागून तेर्लिनाने माझे नाव घेतले, त्या महिन्यात पहिल्यांदा. मी मुठी सोडल्या नाहीत, पण हातही उचलला नाही.

ऑफिसर डिटमर यांना टेबलापाशी जायचे तर वाट जिम्मांच्या समोरून होती. जिम्मा बसलेले होते. ऑफिसर त्यांच्यासमोरून जाताना वाकले. नीट जमले नाही, पाठीत उसण भरल्यासारखे वाकले, आणि एका हाताने खुर्ची धरली. पण वाकले. आमच्या बायकांपैकी कोणीतरी फिसकन हसले आणि दुसरीने तिला चिमटा काढला.

पुढचे बोलणे महत्त्वाचे असल्याने जसे झाले तसे सांगतो. ते टेपवरही आहे.

ऑफिसर डिटमर म्हणाले, "मॅडम, त्यांनी हो म्हटलंय. तीनदा."

श्रीमती हॅलोरन म्हणाल्या, "वेस, मला काही ऐकू आलं नाही."

"त्या दिवशी मलाही नव्हतं आलं."

युनियनचे गृहस्थ त्यांची बाही ओढत म्हणाले, "खाली बस बाबा. तक्रार तुझ्यावर होती. बंद झालीय ती. घरी जा, बायकोला बाहेर जेवायला ने."

"माझं लग्न झालेलं नाही," ऑफिसर म्हणाले. "आणि त्यांना पुढे जायचंय."

मग त्यांनी स्वतःच्या भुवयांकडे बोट दाखवून समजावले. श्रीमती हॅलोरन यांनी विचारले की हे तुम्हाला कसे माहीत. ते म्हणाले की, माझ्या छातीवरच्या कॅमेऱ्याची फिल्म मिस बोलकेम यांनी मला दाखवली. दुभाषी म्हणून नाही, त्यांच्या सुट्टीच्या वेळात. मी म्हणत होतो माणूस तोंड वेडावतोय. त्या फिल्म थांबवायच्या आणि म्हणायच्या, इथे हो म्हणाले. पुढे न्यायच्या, पुन्हा थांबवायच्या, इथे हो म्हणाले. पहिल्या दिवशी मी उठून गेलो. दुसऱ्या दिवशी मला दिसायला लागलं. मी समजतंय का विचारत होतो आणि तो माणूस जमिनीवर पडेपर्यंत हो म्हणत होता.

मी मागे वळून तेर्लिनाकडे पाहिले नाही.

श्रीमती हॅलोरन यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्या टेबलाला वळसा घालून जिम्मांच्या समोर आल्या, आणि उभ्या राहण्याऐवजी खुर्ची ओढून बसल्या. त्यांनी विचारले, "लावकॉन साहेब, खरं आहे का हे?" फोनवरच्या बाईने ते आमच्या भाषेत विचारले.

जिम्मांनी भुवया वर केल्या. या वेळी सगळ्यांनी पाहिले.

फोनवरची बाई म्हणाली, "हॅलो? मला काही ऐकू येत नाहीये." त्यावर जिम्मा हसले, आणि मग आमची सगळी माणसे हसली. त्या बाईला काय झाले ते पाद्रीबाबांनी सांगितले, तेव्हा तीही हसली आणि म्हणाली की, जिम्मा, माझ्या आईशी फोनवर माझं रोज हेच होतं.

वकिलांनी सांगितले की हे सगळे ठीक आहे, पण हातोडी वाजली आहे आणि टेपवर तीन वेळा शांतता आहे. नियमाप्रमाणे लेखी जबाब लागतील. ऑफिसर डिटमर यांनी आपला जबाब दिला आहे असे मला आज येथे आल्यावर कळले. म्हणजे आपल्यावरची तक्रार पुन्हा उघडावी असा जबाब त्यांनी माझ्या आधी दिला आहे. त्याबद्दल मला काही म्हणायचे नाही.

बैठक सुटल्यावर आम्ही वाचनालयाच्या पायऱ्यांवर उभे होतो. जिम्मा मोडलेला दिवा पिशवीत घालून घेऊन आले. ते मला म्हणाले, "पोरा, लाल लागला की थांबायचं असतं. मला इथे दिवा बंद होता म्हणून धरलं. तू तर चालू दिवा फोडलास."

मी म्हणालो की मी नीट करून देईन. ते म्हणाले, "तू नको. तू टायर बघ." दिवा त्यांनी घरी नेला आहे. तो दुरुस्त झाला नाही तर मी नवीन आणून देईन, असे मी या जबाबात लिहून देत आहे. श्रीमती हॅलोरन यांना मी खोटे लिहिता असे म्हणालो, ते चुकीचे होते. सँडविचबद्दल बोललो तेही मागे घेतो.

पायऱ्यांखाली ऑफिसर डिटमर गाडीची किल्ली शोधत उभे होते. मी त्यांच्यापाशी गेलो. व्हॅनचा मागचा दिवा बसवला आहे असे सांगितले. ते म्हणाले, "बघितला. तुमच्या मागून आलो आज." मी म्हणालो, "मग आज थांबवलं नाही ते?" ते म्हणाले की, तुमचे जिम्मा इतके हळू चालवतात की मीच हॉर्न मारणार होतो. मी हसलो नाही. ते माझ्यासाठी थांबले होते असे मला वाटत नाही. त्यांना काही बोलायचे होते, पण ते जिम्मांशी, आणि जिम्मा तोपर्यंत व्हॅनमध्ये जाऊन बसले होते. ते बोलणे टेबलाशी व्हावे, एवढ्यासाठीच तक्रार उघडायला हवी.

नंतर तेर्लिना खाली आली. याचा प्रकरणाशी संबंध नाही असे सार्जंटनी सांगितले. मी विनंती केली की लिहावे, कारण संबंध आहे. ती म्हणाली, "तू तर माझ्याशी बोलत नव्हतास."

मी म्हणालो, "आता बोलतोय."

"सरकारी दिवा फोडून?"

"हो."

ती म्हणाली की मी तुला तेव्हाच सांगणार होते, पण आमच्या भेटी बैठकीआधी कुठे बोलायच्या नाहीत असे ऑफिसरना वचन दिले होते, आणि तुझ्या पोटात काही राहत नाही. हे बरोबर आहे. मी तिला विचारले की, नाताळला नाचाच्या रांगेत माझ्याजवळ उभी राहशील का. आणि नाताळ झाल्यावरही. हे मी आमच्या भाषेत विचारले. शेवटचे वाक्य मी दोनदा विचारले, कारण पहिल्यांदा आवाज नीट निघाला नाही.

ती काय म्हणाली असे सार्जंटनी विचारले. ती काही बोलली नाही. ऑफिसर डिटमर गाडीच्या दाराला हात लावून तिथेच उभे होते आणि आमच्याकडे बघत होते. खात्री करायची असल्यास त्यांना विचारावे. त्यांना आता ओळखता येते.

माझे एवढेच सांगणे आहे की, कानामे लावकॉन यांना त्या दिवशी तीन वेळा विचारले आणि त्यांनी तीन वेळा हो म्हटले. तक्रार उघडावी. त्यांना टेबलाशी बसवावे आणि त्यांची व्हॅन त्यांच्याकडे राहू द्यावी. ऑफिसर डिटमर यांच्याबद्दल माझे मत पूर्वीचेच आहे, थोडे सोडून.

सार्जंट ओडेगार्ड यांनी पडद्यावर वाचून हा मजकूर पहिल्यापासून शेवटपर्यंत मला ऐकवला. शर्टाचे आणि केकचे वाक्य काढावे असे मी म्हणालो. जे सांगितले ते सांगितले, असे म्हणून त्यांनी ते ठेवले. कोणी शिकवले म्हणून किंवा कोणाच्या धाकाने मी यातले काही बोललेलो नाही. सर्व मजकूर तुझ्या सांगण्याप्रमाणे आणि खरा आहे का, असे त्यांनी शेवटी विचारले. खोलीत दुसरे कोणी नव्हते. सार्जंटनी पडद्यावरून नजर काढून माझ्या तोंडाकडे पाहिले, आणि खाली 'हो' असे टाइप केले.

समक्ष,
सार्जंट रूथ ओडेगार्ड

जबाब देणार,
बिलमॉन लांग्रिन